कोल्हापूरच्या टाऊन हॉलला हा चेहरा कसा मिळाला?

तुम्ही विचारलेला प्रश्न तिपेडी आहे. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयासमोरच्या बागेतला टाऊन हॉल आधी चर्च होता का? तो महाराजांनी बांधला की इंग्रजांनी? आणि नवा राजवाडा, सीपीआर या त्याच काळातल्या इमारती थोड्याफार आपल्या वळणाच्या वाटत असताना हाच एक अगदी विलायती का दिसतो? देखभालीसाठी अर्ज करायचा आहे, तर तिथे काय पाहावं, हेही सोबत विचारलं आहे. जुन्या दगडी इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हे माझं काम. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळेन, कारण खरी गंमत तिथे आहे.

चर्चचं आधी उरकते. टाऊन हॉल कधीच चर्च नव्हता. १८७२ ते १८७६ या काळात तो सार्वजनिक सभागृह म्हणूनच बांधला गेला. सभा, समारंभ, व्याख्यानं, अधिकाऱ्यांच्या भेटीगाठी अशा कामांसाठी. टोकदार कमानी, समोरचे दोन निमुळते मनोरे आणि उंच उतरतं छप्पर पाहून चर्चचा भास होतो, यात पाहणाऱ्याचा दोष नाही. युरोपात ही गॉथिक शैली मध्ययुगात मुख्यतः चर्चच्या बांधकामात वाढली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली आणि शाळा, न्यायालयं, रेल्वे स्थानकं, इस्पितळं सगळ्यांना चढवली. मुंबईचं उच्च न्यायालय पाहून कुणी त्याला चर्च म्हणत नाही, कारण ते आपण न्यायालय म्हणूनच ओळखतो. कोल्हापूरचा हॉल आकाराने बेताचा आहे आणि झाडांच्या मागे उभा आहे, म्हणून घोटाळा होतो.

दुसऱ्या प्रश्नाला ‘महाराज’ किंवा ‘इंग्रज’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. १८७२ सालच्या कोल्हापुरात गादीवर कोण होतं ते आधी पाहा. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडांवरच्या शिबंदीच्या, बंडानंतर संस्थानच्या कारभारावर कंपनी सरकारचा हात घट्ट बसला होता. १८६६ मध्ये राजाराम महाराज गादीवर आले. इंग्रजी शिकलेला हा तरुण राजा १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेला. तिकडे काय काय पाहिलं याची त्याने रोजनिशी ठेवली होती, ती पुढे छापूनही आली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात महाराजांचं निधन झालं. वय जेमतेम वीस. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. मागे वारस नव्हता, म्हणून १८७१ मध्ये एक लहान मुलगा दत्तक घेतला गेला. तेच चौथे शिवाजी महाराज. टाऊन हॉलचा पाया भरला गेला तेव्हा गादीवर हे बालक होतं आणि कारभार पॉलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली चालत होता. इमारत संस्थानची, पण ती कशी दिसावी हे ठरवणारं डोकं मुंबई सरकारच्या मुशीतलं होतं. राजर्षी शाहूंनी हा हॉल बांधला असं काही ठिकाणी सांगितलं जातं ते कालक्रमात बसतच नाही. शाहू महाराज दत्तक आले ते मार्च १८८४ मध्ये. तोवर हॉल वापरात येऊन काही वर्षं झाली होती.

आराखडा चार्ल्स मँट यांचा. मँट हे रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातले लष्करी अभियंते. त्या काळात मुंबई इलाख्यातल्या मोठ्या सरकारी इमारती बऱ्याचदा अशा लष्करी अभियंत्यांकडेच असत. मुंबईचं जुनं सचिवालय आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज कर्नल विल्किन्स यांचं, तर उच्च न्यायालय कर्नल फुलर यांचं. हे सगळं १८६० आणि ७० च्या दशकातलं. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात गॉथिक इमारतींची रांग उठली. सचिवालय १८७४ मध्ये पुरं झालं, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय १८७८ मध्ये. कोल्हापूरचा हॉल याच वर्षांत, याच पठडीतल्या माणसाने बांधला. त्यामुळे ‘गॉथिक का?’ याचं पहिलं उत्तर अगदी साधं आहे. तेव्हाच्या मुंबई सरकारला प्रतिष्ठेची सार्वजनिक इमारत म्हणजे गॉथिक इमारत, एवढंच ठाऊक होतं. चाळीस वर्षं आधी हाच हॉल उभा राहिला असता तर त्याला ग्रीक खांब आले असते. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ चा आहे. त्याच्या रुंद पायऱ्या आणि डोरिक खांबांची ओळ आठवा. तीही तेव्हाची फॅशनच.

पण गॉथिकची ही मुंबईची रीत कोल्हापुरात आली तेव्हा तिच्यासोबत मुंबईचा दगड आला नाही, आणि इथून हॉलची स्वतःची गोष्ट सुरू होते.

मुंबईच्या त्या इमारतींकडे नीट पाहिलंत तर भिंतींचा दगड एक आणि कोरीव कामाचा दगड दुसरा दिसेल. भिंतींना कुर्ला किंवा मालाडचा पिवळसर दगड, तर पानं, फुलं, प्राणी, चेहरे कोरायला पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड. गॉथिक शैलीचा निम्मा डौल या कोरीव कामात असतो. पोरबंदरचा दगड छिन्नीला लोण्यासारखा जातो आणि फिकट असल्यामुळे त्यावर सावल्या स्पष्ट पडतात. जहाजाने मुंबईच्या धक्क्यावर तो उतरवणं सोपं होतं. कोल्हापूरला मात्र १८७२ मध्ये रेल्वे नव्हती. मिरजेहून गाडी कोल्हापुरात आली ती १८९१ मध्ये. घाट चढवून बैलगाड्यांनी दगड आणण्यात शहाणपण नव्हतं, आणि गरजही नव्हती. पायाखाली उत्तम काळा दगड होताच.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. कठीण, घट्ट आणि कमालीचा टिकाऊ. देवळं, घाट, वाडे यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले पाथरवट इथे होते. पण या दगडाचे नखरे आहेत. चुनखडीत जी नाजूक पानं एका दिवसात उठतील त्यांना इथे कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि इतकं करूनही लांबून ती दिसत नाहीत. काळा रंग सावली गिळून टाकतो. महालक्ष्मीच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर इतकं बारीक काम आहे, पण ते वाचायला अगदी जवळ जावं लागतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तिथे ते चालतं, कारण प्रदक्षिणा घालणारा माणूस भिंतीच्या हाताच्या अंतरावरून जातो. बागेच्या मधोमध उभ्या असलेल्या, गाडीतून उतरताना समोरून बघायच्या सभागृहाला ते चालत नाही.

मग मँट यांनी काय केलं? माझ्या मते त्यांनी भर कोरीव कामावरून उचलला आणि बाह्यरेषेवर टाकला. आभाळाच्या पार्श्वभूमीवर इमारतीचा जो काळा आकार उठतो तोच इथला खरा अलंकार आहे. समोरून पाहताना दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले दोन उंच मनोरे, मधे छपराचा तीव्र उतार, खाली पोर्चच्या टोकदार कमानी. इतकंच. नक्षी शोधायला जाल तर हाती फारसं काही लागणार नाही, आणि ‘मुंबईच्या मानाने साधं आहे’ असं म्हणून परत याल. हा साधेपणा गरिबीचा नाही, दगडाने लादलेला आहे, आणि मँट यांनी तो मान्य केला. लादलेल्या अटी मान्य करणारा वास्तुकार मला नेहमीच जास्त आवडतो.

कमानी पाहताना एक गोष्ट आवर्जून बघा. आपल्या वाड्यांच्या अर्धगोल किंवा महिरपी कमानीला मध्यावर चावीचा दगड असतो. टोकदार गॉथिक कमान दोन वर्तुळखंडांची असते. प्रत्येक बाजूचं केंद्र वेगळं, आणि दोन्ही बाजू वर टोकाला एकमेकींना टेकतात. अशी कमान अर्धगोल कमानीपेक्षा बाजूंना कमी रेटा देते आणि भार जास्त सरळ खाली उतरवते. म्हणून त्याच रुंदीवर जास्त उंच जाता येतं आणि शेजारचे खांब सडपातळ ठेवता येतात. बेसाल्टसारख्या जड दगडात ही सोय मोठीच. प्रत्येक दगड मात्र त्या वक्राच्या हिशेबाने घडवावा लागतो. कागदावरचा वक्र साहेबाचा असला, तरी तो फर्म्यावरून या हट्टी दगडात उतरवणारे हात पाथरवटांचेच. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. इमारतींच्या इतिहासात हे नेहमीचंच आहे, म्हणून ते खटकायचं थांबत नाही.

छपराबद्दल. तीव्र उताराचं छप्पर हे उत्तर युरोपात बर्फासाठी आणि पावसासाठी आलं. कोल्हापुरात बर्फाचा प्रश्न नाही, पण जून ते सप्टेंबर पाऊस असतो आणि तो आडवा येतो. उताराचं छप्पर इथे शोभेपुरतं राहत नाही, कामाला येतं. आपली कोकणी आणि घाटमाथ्यावरची घरं शतकानुशतकं उतरतीच आहेत. परक्या शैलीतला हा एक भाग इथल्या हवामानाला आपोआप मानवला. गडबड होते ती उताराच्या मधे नाही, तर कडांना. मनोऱ्याची भिंत आणि छप्पर जिथे भेटतात ती जागा, दोन उतारांमधली पन्हळ, पोर्चच्या छताचा आणि मागच्या भिंतीचा सांधा. गॉथिक इमारतीत असे सांधे भरपूर असतात, कारण शिखरं आणि कोपरे जितके जास्त तितके सांधे जास्त. साध्या कौलारू घराला दोन उतार असतात आणि बिघडायला जागाच कमी.

आता तो विरोधाभास, ज्यामुळे मला ही इमारत विसरता येत नाही. राजाराम महाराजांच्या अंत्यसंस्काराच्या जागी, फ्लॉरेन्समधल्या कॅशिने उद्यानाच्या टोकाला, त्यांचं स्मारक उभारलं गेलं. १८७४ मध्ये ते पुरं झालं. महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, आणि त्यावरची छत्री चार्ल्स मँट यांची. ती छत्री पूर्ण भारतीय वळणाची आहे. खांब, वर घुमटी, आपल्याकडच्या समाध्यांवर असते तशी. पुढे त्या भागात नदीवर झालेल्या पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. म्हणजे बघा, १८७२ ते ७६ या त्याच वर्षांत एकच माणूस इटलीत कोल्हापूरची छत्री उभी करतो आहे आणि कोल्हापुरात युरोपातला मनोरा. देशी रूपं त्याला येत नव्हती असं मुळीच नाही. कुठे काय शोभतं याची समजूत तशी होती. मृत राजाचं स्मारक राजाच्या परंपरेतलं हवं, आणि सार्वजनिक सभागृह ही संस्थाच विलायतेतून आलेली, तेव्हा तिचं घरही विलायती हवं. कोल्हापुरात त्याआधी असल्या कामाला दरबार होता, भवानी मंडपाचं पटांगण होतं, देवळांचे सभामंडप होते. दरबारात कोण कुठे बसणार हे घराण्यावर ठरे. सभागृहात खुर्च्या मांडायच्या, अध्यक्ष निवडायचा, ठराव करायचे ही नवी रीत. तिला जुन्या राजवाड्यातली एखादी सदर देता आली असती, पण तसं केलं असतं तर जुने मानपानही तिथे सोबत आले असते. गॉथिक शैलीला इथे मानपान नव्हते. परकेपणाचा तेवढा एक फायदा.

हे माझं वाचन आहे, मँट यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या पुढच्या इमारती पाहिल्या की ते पटतं. टाऊन हॉलसमोरचं सीपीआर, म्हणजे मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, हेही त्यांचंच. तिथे विलायती आणि देशी अंगं एकमेकांत मिसळायला लागलेली दिसतात. आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या नव्या राजवाड्यापर्यंत आलं की गॉथिक जवळजवळ मागे पडलेलं असतं. काळा दगड तोच, पण कमानी, खांब, छज्जे, घुमट्या यांत गुजरात-राजस्थानच्या जैन देवळांची आणि इथल्या राजवाड्यांची रूपं आली आहेत, आणि मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. टाऊन हॉलपासून नवा राजवाडा फार लांब नाही. एका सकाळी आधी हॉल, मग सीपीआर, मग राजवाडा अशा क्रमाने पाहा. दहा वर्षांत एका माणसाचा हात कसा बदलला ते समोर दिसतं. पुस्तकात याला इंडो-सारासेनिक, म्हणजे देशी आणि विलायती रूपं मिसळणाऱ्या, शैलीचा उदय म्हणतात. हा उदय इतक्या कमी अंतरात पायी बघता येईल अशी शहरं फारशी नाहीत. अजमेरचं मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा हीदेखील मँट यांचीच कामं. ती भव्य आहेत, पण तिथे पिकलेला मँट दिसतो. कच्चा मँट पाहायचा तर कोल्हापूरलाच यावं लागतं, आणि मला तो जास्त शिकवतो.

मँट १८८१ मध्ये वारले. नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, तर बडोद्याचं काम पुढे रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये तडीस नेलं. आपले आकडे चुकले, इमारती कोसळतील, या भीतीने मँट यांचं मन ढासळलं अशी कथा सगळीकडे सांगतात. कथेतलं खरं-खोटं बाजूला ठेवू. एवढं मात्र खरं की त्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि बऱ्याचशा वापरातही आहेत.

सभागृहाचं वस्तुसंग्रहालय झालं ते विसाव्या शतकाच्या चाळिशीत, आणि त्याला कारण झाली हाकेच्या अंतरावरची ब्रह्मपुरी. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर आधी प्राध्यापक कुंदणगार यांच्या प्रयत्नाने आणि नंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांच्या उत्खननात सातवाहनकाळातली वस्ती सापडली. तिथल्या कांस्यवस्तूंमध्ये ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती होती, रोमन व्यापारातून इथवर आलेली. त्याच ठेव्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांची देखणी कांस्यप्रतिमाही आहे. या वस्तू ठेवायला जागा हवी होती. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, दरबारी समारंभ संपले, आणि हॉलला नवं काम मिळालं. आज तिथे मूर्ती, नाणी, शस्त्रं यांच्यासोबत आबालाल रहमान, दत्तोबा दळवी अशा कोल्हापूरच्या चित्रकारांचं कामही आहे. समुद्र न पाहिलेल्या शहरातला भूमध्य समुद्राचा देव विलायती कमानींच्या घरात राहतो, हे मला तरी शोभून दिसतं.

इमारतीच्या दृष्टीने हा बदल भाग्याचा ठरला. रिकामं पडलेलं सभागृह पाडून व्यापारी संकुल उठवायची इच्छा कुणालाही झाली असती. महापालिकेचं कार्यालय इथे असतं तर पोटमाळे, भिंतीतून गेलेल्या वायरी, शौचालयाच्या नळ्या यांनी आतली उंची केव्हाच खाल्ली असती. असं झालेली दगडी सभागृहं मी महाराष्ट्रात पुष्कळ पाहिली आहेत. संग्रहालयाला आतली मोठी दालनं मोठीच हवी असतात. त्याच्या अडचणी वेगळ्या. चित्रांना ऊन नको आणि ओल नको, तर उंच खिडक्या आणि उतरतं छप्पर नेमकं ऊन आणि ओल यांचंच दार उघडतं. खिडक्या बंद केल्या तर हवा कोंडते, उघड्या ठेवल्या तर रंग उडतात. यावर एकच एक तोडगा नाही, मोसमाप्रमाणे हाताने सांभाळावं लागतं.

देखभालीबद्दलही विचारलं आहे, म्हणून तेवढं सांगते. बेसाल्टच्या इमारतीत दगड सहसा दगा देत नाही, सांधा देतो. जुने सांधे चुन्याचे असतात. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं, कारण दगडातून ते पडूच शकत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली या सांध्यांमध्ये सिमेंट भरलं की बाहेर यायची वाट बंद होते. पाणी मग आतल्या गिलाव्याला फोडतं, तुळयांची टोकं कुजवतं, आणि सगळे म्हणतात छप्पर गळतंय. मग छपरावर खर्च होतो आणि गळती तशीच राहते. दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं बी सांध्यात रुजतं. वरची फांदी छाटून उपयोग नाही, मूळ भिंतीतच जाड होत जातं. ते लहान असतानाच मुळासकट काढून सांधा चुन्याने बंद करावा लागतो, आणि हे काम दर वर्षी करावं लागतं. तिसरी गोष्ट रंग आणि पॉलिश. चकाकी आणण्यासाठी काळ्या दगडावर काहीही फासू नये. तो धूळ झाडून आणि साध्या पाण्याने पुसून पुरेसा काळा दिसतो.

तुम्ही जाल तेव्हा शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा गणपतीनंतर जा. उघडीप झाल्यावर दोन दिवसांनी भिंती पाहिल्या तर कोणते सांधे अजून ओले आहेत ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. तशा जागांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा टिपा. ओल वाढते आहे की कमी होते आहे हे इमारतीच्या अभियंत्यालाही त्यातून लवकर समजतं, आणि तुमच्या अर्जाला वजन येतं.